०-१० व्होल्टचं मॉड्यूल जोडताना
लॅमिंग्टन रोडवरून अ‍ॅनालॉग इनपुट मॉड्यूल (सेन्सरचं कमी-जास्त होणारं व्होल्टेज कंट्रोलरला वाचून देणारं) आणलंत, तरी लगेच जोडू नका. आधी सेन्सरला एकट्याला सप्लाय देऊन त्याचं आउटपुट मल्टिमीटरने मोजा. चुकून २४ व्होल्ट इनपुटवर गेले तर चॅनेल उडू शकतं. मग मेन बंद करून, सप्लाय खरंच गेलाय हे तपासून वायरिंग करा. वायर पिळाची, शील्डवाली (वरून धातूची जाळी किंवा पत्रीचं आवरण असलेली). शील्ड फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ करा. दोन्हीकडे केलंत तर शील्डमधूनच करंट फिरतो आणि रीडिंग नाचतं (दोष मात्र बिचाऱ्या सेन्सरला!). व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) केबल या वायरपासून लांब ठेवा, ओलांडायचीच तर काटकोनात. मॉड्यूलचं रेंज सेटिंग ०-१० व्होल्टच आहे ना? समुद्राजवळच्या गाळ्यात तांबं लवकर हिरवं पडतं, वायरच्या टोकांना लग्ज (दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) लावाच.