हल्लीच्या गाण्यात दम नाही म्हणायच्या आधी गाणं तपासायचं कसं

गणपती जवळ आले की आमच्या कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर हा वाद ठरलेलाच असतो. एक गट म्हणणार आता सगळी गाणी एकसारखी, सगळं चोरलेलं, पूर्वी काय एकेक गाणं होतं राव, आणि दुसरा गट म्हणणार तुम्ही म्हातारे झालायसा. दोघांपैकी कुणीच गाणं लावून बघत नाही ही खरी गंमत. म्हणून ही पद्धत लिहून ठेवतोय, घरच्या घरी जमते, मोबाईल, बरा हेडफोन आणि एखादी पेटी नाहीतर कीबोर्ड असला की झालं. संगीत शिकलेलं असायची गरज नाही.

पहिलं काम म्हणजे तुलना सरळ करा. आपण करतो काय, जुन्यातली निवडक पन्नास गाणी एका बाजूला आणि आत्ता रीलवर वाजतंय ते सगळं दुसऱ्या बाजूला. जुन्यातला कचरा काळानं गाळून टाकलाय, नव्यातला अजून गाळायचाय. त्यामुळं एक अख्खं वर्ष घ्या. बिनाका गीतमाला, म्हणजे हिंदी सिनेमाच्या गाजलेल्या गाण्यांची क्रमवारी, १९५२ ला रेडिओ सिलोनवर चालू झाली, तिच्या वर्षअखेरच्या याद्या नेटवर मिळतात. त्यातलं कुठलंही एक वर्ष उचला आणि यादीतलं प्रत्येक गाणं ऐका, आवडतं तेवढंच नाही. किती गाणी आठवतात, किती नुसती भरतीची आहेत बघा. मग आत्ताच्या एका वर्षाची तशीच यादी काढून तेच करा. निम्मा वाद इथंच मिटतो, पण निम्माच.

यूट्यूबवर जुनं गाणं शोधताना एक जपा. नव्वदच्या आसपासची बरीच गाणी झंकार बीट्सवाली चढवलेली असतात, म्हणजे मूळ गाण्यावर वरनं जास्तीच्या तालाचा लूप, तोच तुकडा फिरत राहणारा, चिकटवलेला. ते ऐकून 'जुनी गाणी पण एकसारखीच की' असं म्हणू नका. मूळ व्हर्जनच शोधा.

आता चाल. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची तपासणी, म्हणून हिला वेळ द्या. गाण्यातनं आवाज वेगळा काढून देणाऱ्या फुकट वेबसाइट आहेत. डीझर कंपनीनं २०१९ ला स्प्लीटर नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हापासून हे काम फारच सोपं झालंय. नुसता आवाज ऐका, बेस नाही, ढमढम नाही. मग पेटीवर एका बोटानं मुखडा काढा. आता अंतरा काढा. अंतरा वेगळ्या जागेवर जातो का, वर चढतो का, का मुखड्याचीच ओळ फिरवून फिरवून आणलीय? त्यानंतर पहिल्या आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या आधीचे म्युझिक पीस ऐका. जुन्या सिनेमाच्या गाण्यात ते बहुतेक वेळा वेगवेगळे असायचे, आत्ताच्या बऱ्याच गाण्यात तोच हुक, म्हणजे कानात बसणारा तुकडा, परत येतो. या दोन ठिकाणी नवं गाणं खरंच मार खातं, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो.

पेटी नसेल तर आपल्याकडं त्याहून भारी सोय हाय, बेंजो पार्टी. वरातीत बेंजोवर शब्द नाहीत, गायकाचा आवाज नाही, स्टुडिओची करामत नाही, नुसती चाल आणि ठेका. जे गाणं बेंजोवर पहिल्या ओळीत ओळखू येतं आणि तिसऱ्या मिनिटाला पण कंटाळा येत नाही त्याच्या चालीत काहीतरी आहे असं समजायला हरकत नाही. जे डॉल्बीवर छाती हलवतं आणि बेंजोवर मरून पडतं त्याची सगळी करामत साउंडमध्ये होती. आता हा काय गुन्हा नाही हं, साउंड पण नवीन असू शकतो. १९९७ ला ऑटोट्यून आलं ते सूर दुरुस्त करायला, आणि पुढच्याच वर्षी लोकांनी ते मुद्दाम आवाज यंत्रासारखा करायला वापरलं. कुणाला आवडो न आवडो, त्यावेळी ती कल्पना नवीच होती. तिसाव्या माणसानं तेच केलं की मग नाही.

साउंड एकसारखा झालाय का हे डोळ्यानं बघता येतं. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, दोन फाईल उघडा, एक जुनी एक नवी, आणि वरची लाटेसारखी आकृती बघा. जुन्यात चढउतार दिसतील, नव्यात बऱ्याचदा सरळ विटेसारखा ठोकळा, म्हणजे हळू जागा पण दाबून मोठ्या केलेल्या. पण रीमास्टर केलेली, म्हणजे आवाज नव्यानं सुधारून काढलेली, जुनी फाईल घेतली तर ती पण विटेसारखीच दिसंल, तेव्हा जुन्या सीडीवरनं घेतलेली मिळाली तर बरं. २०१२ ला सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये स्पेनच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, १९५५ ते २०१० मधली साडेचार लाखांवर पाश्चात्त्य गाणी तपासलेली. त्यात हेच निघालं की सुरांच्या जोडण्यांमधली विविधता कमी झाली, वाद्यांच्या नादातला वेगळेपणा कमी झाला आणि आवाज वाढत गेला. म्हणजे कट्ट्यावरचे काका अगदीच हवेत बोलत नाहीत. फक्त तो अभ्यास आपल्या गाण्यांचा नाही, हे काकांना सांगायचं.

मग येतो चोरीचा मुद्दा, आणि इथं सगळ्यात जास्त गडबड होते. गिटारवाला मित्र असेल तर त्याला सी, जी, ए मायनर, एफ हे चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गट, फिरवत ठेवायला सांगा आणि वरनं एकेक गाणं म्हणत जा, ढिगानं बसतील. यावरनं 'बघ सगळी चोरलेली' असं ठरवायचं नाही. भैरवीत गायलं म्हणून कोण कुणाची भैरवी चोरतो का? इंग्लिश गायक एड शीरनवर अमेरिकेत असाच दावा लागला होता, २०२३ ला न्यूयॉर्कच्या ज्युरीनं तो फेटाळला. कॉर्ड आणि ठेका सारखा असणं वेगळं, चालीची ओळच्या ओळ उचलणं वेगळं. तपासायचं असेल तर दोन्ही गाण्यांच्या मुखड्याची सरगम कागदावर एकाखाली एक लिहा. सूर, लांबी आणि जोर पडतो ती जागा, हे तिन्ही जुळत असेल तरच भुवया उंचवा.

आणि घेणं म्हटलं तर आपल्याच गावात बघा. १९११ ला संगीत मानापमान आलं, त्याच्या चाली आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. त्यांनी पूरबच्या ठुमऱ्या, कजऱ्या, दादरे यांच्या वळणावर पदं बांधली, लोकं वेडी झाली. पुढं १९३२ ला प्रभातनं इथं कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' काढला त्याचं संगीत पण त्यांचंच आणि हरिश्चंद्र पण तेच. कुणी त्यांना कॉपी म्हणत नाही, कारण बनारसचं घेतलेलं मराठी शब्दात आणि नाटकाच्या प्रसंगात असं मुरवलं की ते इथलंच झालं. म्हणून रीक्रिएटेड, म्हणजे जुनंच नव्यानं बनवलेल्या, गाण्याला विचारायचा प्रश्न हाच: घेतलेल्यावर काय केलंय? नुसता हुक तोच ठेवून मधी रॅप घातला असेल तर मला त्यात काय दिसत नाही. ठेका बदलून मूळ चालीची दुसरी बाजू दाखवली असेल तर ऐकतो.

अशी गाणी एवढी का निघतात याचं उत्तर पैशात आहे. जुन्या गाण्यांचे हक्क म्युझिक कंपन्यांकडं पडून आहेत, चाल आधीच हिट आहे, धोका कमी. बाहेरच्या कुणाला मालकाच्या परवानगीशिवाय कव्हर, म्हणजे तेच गाणं आपल्या आवाजात, काढायचं असेल तर २०१२ च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीनंतर मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं होईपर्यंत थांबावं लागतं, मालकाला ती अडचण नाही. तेव्हा गाण्याखालची श्रेयनामावली वाचायची सवय लावा. संगीतकाराच्या नावापुढं 'रीक्रिएटेड बाय' असेल तर मूळ संगीतकार कोण ते बहुतेक तिथंच कळतं, मग मूळ गाणं आधी ऐका.

लांबीवरनं पण लगेच नाव ठेवू नका. हल्ली गाणी लहान, सुरुवातीचं म्युझिक गायब, हे खरं, आणि स्पॉटिफाय ३० सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम मोजतं, मग कोण एवढा वेळ सनई वाजवत बसणार. पण मशीनचं बंधन जुन्यांना पण होतंच की. ग्रामोफोनच्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीनेक मिनिटं मावायची. शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते ते अल्लादिया खाँसाहेब, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर मैफलीत एकेक राग तासभर गाणाऱ्या, पण त्यांची भैरवी १९७७ ला व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली ती साडेतीन मिनिटांचीच. ऐकून बघा, कुठं काय कमी वाटतंय का. म्हणजे वेळ किती हे न बघता त्या वेळात गाणं कुठनं कुठं गेलं हे बघायचं.

एवढं सगळं करून माझा हिशोब असा निघतो की चाली करणारी माणसं आहेत, साउंड मात्र खरंच एका साच्यात गेलाय, कारण तेच तयार लूप, तेच सॅम्पल पॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संच, सगळे वापरतात. तुमचा हिशोब वेगळा निघाला तर निघू दे, पण गाण्यांची नावं घेऊन सांगा.

शेवटचं एक काम, नवीन गाणी शोधताना ॲपवर सोडू नका, ते तुम्ही काल ऐकलं त्याच्यासारखंच आज देणार. जे गाणं चालीच्या तपासणीत पास झालं त्याच्या संगीतकाराचं नाव टाकून त्याची न गाजलेली गाणी काढा, वादकांची नावं असतील तर ती पण शोधा. आणि देवल क्लबात, कोल्हापुरातल्या जुन्या संगीत संस्थेत, मैफल असेल तेव्हा जाऊन बसा, दुसऱ्या दिवशी गल्लीत हलगी-घुमकं वाजत असलं तर तिथं पण थांबा. हलगीवाला एकाच ठेक्यात किती ठिकाणी फिरवतो ते मोजायचा प्रयत्न करा, मग लूप ऐकताना कान आपोआप तक्रार करायला लागतो.