हळदीच्या पाकिटावर नंबर छापला म्हणजे झालं? या चुका टाळा

सांगली-मिरज भागातल्या बचत गटांची आणि घरगुती मसालेवाल्यांची एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, कागदपत्रं, लेबलं वगैरे कामं मी करून देतो. मार्केट यार्डात नवी हळद उतरायला लागली की नवी माणसं दारात येतात आणि जुन्याच चुका बरोबर आणतात. घाई तर अशी की सकाळी अर्ज भरायचा आणि संध्याकाळी पुण्याला माल पाठवायचा. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून लिहून ठेवतो.

उसना नंबर

"मावसभावाचा नंबर टाकलाय, घरचाच आहे, चालतंय की." नाही चालत. एफएसएसएआयचा तो चौदा आकडी नंबर त्या माणसाचा आणि त्या जागेचा असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. राज्याच्या यंत्रणेने दिला असेल तर पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५, आणि त्यापुढचे दोन वर्षाचे. फॉसकॉस या एफएसएसएआयच्याच परवान्यांच्या साइटवर नंबर टाकला की नाव-गाव समोर येतं, आणि हल्ली गिऱ्हाईक टाकतंच. पलूसकडच्या एका गटाच्या पाकिटावरचा नंबर विट्यातल्या दुकानदाराने टाकून बघितला, तर निघाली बेकरी! हळदीत तसूभर खोट नव्हती, पण त्याने सगळा माल त्याच टेम्पोतून परत धाडला. "नंबरच खोटा, तर आत काय असेल?" हा त्याचा प्रश्न. उत्तर कोणाकडेच नव्हतं.

आणि नंबर खरा असला तरी सरकारने तुमची हळद तपासून पास केली, असा त्याचा अर्थ होत नाही. तेव्हा पाकिटावर "सरकारमान्य शुद्ध" हे शब्द कृपा करून छापू नका.

मोबाइलवरची चाचणी

ही चूक घेणाऱ्यांची. हिचा मला जास्त राग येतो.

आठवडी बाजारात एका ताईंची सुटी हळद होती, घरच्या रानातली. एका पोराने मेडिकलमधून आणलेल्या आयोडीनचा थेंब तिच्यावर टाकला. थेंब पडला तिथे हळद निळी-काळी. "बघा, पिठाची भेसळ!" मोबाइल आधीपासून चालूच होता. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानदार ताईंची पाकिटं परत आणून द्यायला लागले.

पुढच्या बाजाराला आम्ही अख्खी हळकुंडं आणि खलबत्ता घेऊन गेलो. लोकांसमोर कुटलं. त्याच कंपनीची आयोडीनची बाटली, तसाच थेंब. तीही निळी-काळी झाली. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने हळकुंडाचा तुकडा उचलून उजेडात धरला, चावून बघितला आणि म्हणाला, "ह्यात कुठनं पीठ घालणार?" हळद हा कंद आहे, तिच्यात स्वतःचाच स्टार्च भरपूर असतो. त्यामुळे आयोडीन हळदीवर निळं पडणारच. ती चाचणी खव्याची, पनीरची, दुधाची. तिथेही नमुना पाण्यात उकळून पूर्ण गार करून मगच थेंब टाकायचा, कारण गरम असताना निळा रंग दिसतच नाही. आमच्या पोराला गार होईपर्यंत थांबायचं माहीत नव्हतं, एवढंच काय, चाचणी कशाची ते वाचायलाही वेळ नव्हता. "मी जनजागृती करत होतो," म्हणाला. व्हिडिओ काढून टाकला त्याने, पण जो पुढे गेला तो गेला. ताईंचे निम्मे दुकानदार अजून परतलेले नाहीत.

चुना लावल्यावर हळद लाल झाली म्हणून ओरडणारेही भेटतात. अहो, घरी कुंकू कसं करायचे? आजीला विचारा.

घरी बघायचंच असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर हळद सोडा आणि हात न लावता बसू द्या. चांगली हळद खाली बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी भडक पिवळं झालं तर शंका घ्या. निकाल म्हणून कोणाला सांगू नका. हळकुंडाला चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग चोळतात, त्याचं शिसं पेल्यात मोजता येत नाही. हळदीतल्या शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे आणि ती लॅबच मोजू शकते. अन्नसुरक्षा कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे साधं गिऱ्हाईकसुद्धा फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतं. विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं असतं. माल नियमात बसला नाही, तर फी परत मिळते. पण हे कोणी करत नाही. त्याला वेळ लागतो आणि त्याचा व्हिडिओ होत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

जुन्या तारखेवर नवा स्टिकर: गिऱ्हाईक नखाने खरवडून बघतं.

वर्तमानपत्रात बांधून देणं: २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी बंद केलंय. भेळवाल्यांनो, तुम्हीही.

"कॅन्सरवर रामबाण": फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. हळद विका, डॉक्टरकी नको.

"सांगलीची हळद": २०१८ मध्ये हिला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या यार्डात बाहेरच्या राज्यांतली हळदही येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती घेऊन इथे नुसती पाकिटात भरली म्हणून सांगलीची होत नाही.

एफडीएचे (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे) अधिकारी आले की शटर ओढणं: याने संशय वाढतो, दुसरं काही नाही. नमुन्याचे चार भाग करतात. त्यातला एक तुम्ही मागितलात तर मान्यताप्राप्त लॅबला जातो, खर्च तुमचा. विश्लेषकाचा अहवाल पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. शांतपणे सही करा, कागद जपून ठेवा.

बॅच नंबर नुसता शोभेला छापणं: प्रत्येक दळपाची मूठभर हळद बरणीत काढून वर चिठ्ठी लावा, असं मी सगळ्यांना सांगतो. वहीत अडत्याचं नाव, गिरणी आणि तारीख. अडत्याची पावती त्याच पानाला टाचायची. गिरणी कशाला लिहायची, असं विचारतात. त्याच चक्कीवर आधी गहू दळलेला असला तर पहिल्या दोन-तीन किलोंत कणीक उतरते, आणि मग तुम्ही कितीही शपथा घेतल्यात तरी लॅबला त्याचं काही नसतं. म्हणून आधी थोडी हळकुंडं दळून ती पूड वेगळी काढायची, मग आपला माल टाकायचा. गिरणीवाला कुरकुर करतो. करू दे.