तीन पट्ट्यांची कादंबरी कशी वाचायची?

कादंबरीकार जे. एम. कुट्सीची 'डायरी ऑफ अ बॅड इयर' (२००७) बरेच जण वीस-पंचवीस पानांत सोडून देतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं कारण पुस्तक अवघड नाहीये, फक्त पान वेगळं आहे. आधी पानावर नुसत्या दोन आडव्या पट्ट्या असतात, वर कादंबरीतल्या म्हाताऱ्या लेखकाचे निबंध आणि खाली त्याचं खाजगी आयुष्य, मग थोडं पुढे गेलं की तळाला तिसरी पट्टी सुरू होते, ती आन्याची. आन्या म्हणजे त्याच बिल्डिंगमधे राहणारी फिलिपिनो वंशाची मुलगी, त्याला ती लाँड्री रूममधे दिसते आणि तो तिला टायपिंगचं काम देतो.

शक्यतो कागदी प्रतच घ्या, मोबाईलवर तीन पट्ट्या एका नजरेत मावत नाहीत आणि मग सगळी मजाच जाते.

मी पहिल्यांदा प्रत्येक पान वरून खाली वाचत गेले आणि वैतागले, कारण वाक्य पानाच्या शेवटी अर्धवट तुटतं आणि तोवर आपण दुसऱ्याच आवाजात शिरलेलो असतो. आता असं करते: एक निबंध वरच्या पट्टीत सलग संपवायचा, मग मागे येऊन तेवढ्याच पानांची मधली पट्टी, मग खालची. अख्खं पुस्तक आधी वरून, मग मधून असं मात्र वाचू नका. आन्या त्याला सांगते की राजकारण सोडा, क्रिकेटवर लिहा, आणि पुस्तकाच्या दुसऱ्या भागात त्याचे निबंध खरंच मऊ होतात, स्वप्नावर, जर्मन संगीतकार बाखच्या संगीतावर येतात. खालची पट्टी वरची कशी बदलत जाते हे सोबत वाचलं तरच कळतं.

आता हा म्हातारा लेखक कुट्सीच का? त्याची आद्याक्षरं जेसी (J.C.) आहेत, तो दक्षिण आफ्रिकेतून ऑस्ट्रेलियात आलाय, आणि कुट्सीची 'वेटिंग फॉर द बार्बेरियन्स' ही कादंबरी इथे त्याच्या नावावर आहे. एवढं जुळल्यावर आपण हेच त्याचं आत्मचरित्र समजून मोकळे होतो. तसं करू नका, पेन्सिल घ्या आणि जे जुळत नाही ते समासात लिहा. जेसी सिडनीत राहतो, कुट्सी अॅडलेडला. जेसी ७२ वर्षांचा, पुस्तक आलं तेव्हा कुट्सी ६७ चा. जेसीला मूलबाळ नाही, कुट्सीला दोन मुलं झाली. माझ्या मते खरी कादंबरी या फरकांमधेच आहे, त्याने स्वतःला जास्त म्हातारं आणि जास्त एकटं करून बघितलंय.

आन्याच्या बॉयफ्रेंडचा, अॅलनचा, म्हाताऱ्याच्या पैशांवर डोळा आहे, तो भाग भराभर सरकतो, तिथे काही करावं लागत नाही.

शेवटचा निबंध रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्कीवर आहे. तो एका बैठकीत वाचा, मधे फोन घेऊ नका, आणि आन्याची पट्टी अगदी शेवटी ठेवा.