आयुष्मान कार्ड, रेशन कार्ड आणि आधार: घरच्यांचे संरक्षण गमावणाऱ्या या चुका टाळा

खासगी आरोग्य विमा घेतला की हातात पॉलिसीचा कागद आणि हप्त्याची पावती येते. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (गावाकडे जिला अजूनही ‘जीवनदायी’ म्हणतात) यांत हप्ता नाही आणि पॉलिसीही नाही. रेशन कार्डावरचे नाव, आधार क्रमांक, बोटांचे ठसे आणि ओटीपी येणारा मोबाइल एवढ्यावरच कुटुंबाचे वर्षाचे ५ लाख रुपयांचे संरक्षण उभे असते. त्यामुळे या नोंदी नीट ठेवणे आणि त्या परक्या हातात पडू न देणे ही दोन वेगळी कामे नाहीत. बहुतेक घरांत मात्र पहिले काम तहसीलच्या रांगेवर ढकललेले असते आणि दुसऱ्याचा विचार फसवणूक झाल्यावरच होतो.

मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, हे न तपासणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. माझ्या आत्याला एका रात्री छातीत दुखू लागले. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात आम्ही तिला नेले आणि तिथे योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने आधार क्रमांक घातला, तेव्हा ओटीपी ज्या क्रमांकावर गेला, त्याचे शेवटचे आकडे घरात कोणाच्याही ओळखीचे निघाले नाहीत. अनेक वर्षांपूर्वी आधार काढताना तिच्याकडे फोन नव्हता आणि नोंदणी करणाऱ्याने कोणाचा तरी क्रमांक टाकून दिला होता. अंगठा लावून पाहिला, तर आयुष्यभर भातलावणी केलेल्या आणि राखेने भांडी घासलेल्या त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. अखेर दुसऱ्या दिवशी चेहऱ्याच्या पडताळणीवर काम झाले, पण ती रात्र आम्ही पैशांची जुळवाजुळव करण्यात घालवली.

हा प्रकार एकट्या आमच्या घरचा नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२३ मधील अहवालात आयुष्मान योजनेच्या जवळपास ७.५ लाख लाभार्थ्यांच्या नोंदी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेल्या आढळल्या आणि तो क्रमांक म्हणजे ओळीने दहा वेळा नऊ होता. नोंद करणाऱ्याने रकाना भरून टाकला, एवढाच त्याचा अर्थ. पण अशा लाभार्थ्याच्या नावावर कोणी उपचार घेतले, तर त्याला संदेश तरी कुठे जाणार?

म्हणून घरातील प्रत्येकाच्या आधारला कोणता क्रमांक जोडलेला आहे, हे आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावर एकदा तपासावे आणि चुकीचा असल्यास आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्यावा. रिचार्ज न केल्याने बंद पडलेले सिम हा त्याहून मोठा धोका आहे, कारण बंद झालेला क्रमांक कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते आणि मग तुमच्या वडिलांच्या आधारचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात पडतो. सिम बंद करायचे असेल, तर आधी आधार आणि बँकेतील क्रमांक बदला. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते आणि अनोळखी क्रमांकाची तक्रारही तेथेच करता येते.

रेशन कार्डाकडे फक्त धान्यासाठीचे कार्ड म्हणून पाहणे

‘आम्ही रेशन उचलत नाही, मग कार्ड कशाला अद्ययावत करायचे?’ असे पांढरे कार्ड असलेली अनेक कुटुंबे म्हणतात. फुले योजना आधी पिवळ्या आणि केशरी कार्डधारकांपुरती होती, पण २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती शुभ्र कार्डधारकांनाही खुली झाली आणि संरक्षण दीड लाखांवरून ५ लाखांवर गेले. अर्थात कार्डावर नाव असेल, तरच. सून माहेरच्या कार्डावरून कमी झाली पण सासरच्या कार्डावर चढली नाही, नातवाचे नाव घातलेच नाही, किंवा कार्डावर ‘सखुबाई’ आणि आधारवर ‘सखाबाई’ आहे, अशा बारीक गोष्टी रुग्णालयाच्या खिडकीवर डोंगराएवढ्या होतात. पुरवठा कार्यालयात जन्मदाखला, विवाहाचा दाखला आणि आधार घेऊन जाण्याचे काम कोणी आजारी नसतानाच करावे. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवून देणे, राहिली असेल, तर तीही रास्त भाव दुकानात करून घ्यावी. मुलांच्या आधारमधील ठसे वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी अद्ययावत करावे लागतात, हे पालक हमखास विसरतात.

आभा आणि आयुष्मान एकच समजणे

आभा हा १४ अंकी क्रमांक तुमच्या आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठी आहे. त्यातून एक रुपयाचाही उपचार मोफत मिळत नाही. ‘कार्ड काढले आहे’ या समाधानात राहिलेल्या कुटुंबाला ते कार्ड आभाचे होते, हे दाखल होताना कळते.

सत्तरी ओलांडलेल्यांचा हक्क सोडून देणे

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील प्रत्येकासाठी, उत्पन्न न पाहता, आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. घरात खासगी विमा असला, तरी ते काढता येते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएससारख्या योजनेत असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावे लागते. वय आधारवरूनच ठरते, त्यामुळे ज्यांची जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी घातलेली आहे किंवा वर्षच चुकले आहे, त्यांनी ती दुरुस्ती आधी करावी.

फुकट शिबिरात आधार देऊन येणे

नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादमधील एका खासगी रुग्णालयाने मेहसाणा जिल्ह्यातील एका गावात मोफत शिबिर घेतले, गावकऱ्यांना बसने नेले आणि काहींच्या हृदयावर अँजिओप्लास्टी केली. त्यांतील दोघे दगावले. आयुष्मान योजनेचे पैसे मिळवण्यासाठी हे केल्याचा आरोप झाला. अशा घटनेत जीव तर जातोच. जो वाचतो, त्याच्या कुटुंबाचे ५ लाखही कमी होतात, कारण ही रक्कम माणशी नसून साऱ्या कुटुंबाची मिळून असते. शिवाय न झालेला आजार तुमच्या नावावर नोंदला जातो आणि पुढचा डॉक्टर तीच नोंद खरी मानून चालतो. शिबिरात रक्तदाब तपासण्यासाठी आधार लागत नाही. कोणी अंगठा मागितला, तर कशासाठी हे विचारावे आणि उत्तर पटेपर्यंत हात पुढे करू नये.

झेरॉक्स देणे अपरिहार्य असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क केलेले आधार द्यावे, अथवा प्रतीवर आडवे ‘केवळ अमुक कामासाठी’ असे लिहून तारीख घालावी. झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर उतरवलेली आधारची फाइल तिथेच राहू देऊ नये. तिचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा ठरलेला असल्यामुळे दुकानात येणाऱ्या कोणालाही तो ओळखता येईल.

ठसे उघडे ठेवणे, किंवा लॉक करून विसरणे

आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात ओटीपीशिवाय केवळ अंगठ्यावर पैसे काढता येतात, आणि जमिनीच्या दस्तांवरील ठशांवरून नकली अंगठे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपमधून ठसे लॉक करणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. पण लॉक केलेल्या ठशांवर रेशन दुकानात किंवा रुग्णालयात ओळख पटत नाही. म्हणून ते उघडायचे कसे, हे घरातील दोघांना तरी यायला हवे आणि त्यासाठी लागणारा मोबाइल चालू असायला हवा. मायआधार संकेतस्थळावर मागील सहा महिन्यांत आपला आधार कुठे कुठे वापरला गेला, हेही दिसते. महिन्याकाठी पाच मिनिटे काढून ती यादी वाचावी.

गोंधळ झाल्यावर वेळ घालवणे

‘तुमचे आयुष्मान कार्ड रद्द होणार आहे, या लिंकवर शुल्क भरा’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश खोटा असतो, कारण या कार्डाला नूतनीकरणाचे शुल्कच नाही. संदेशासोबत आलेले अ‍ॅप तर मुळीच उतरवू नये. पैसे गेले असतील, तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. आधारच्या गैरवापरासाठी १९४७, आयुष्मानसाठी १४५५५ आणि फुले योजनेसाठी १५५३८८ हे क्रमांक आहेत. रुग्णालयाने मंजूर उपचारासाठी वर पैसे मागितले, तर आधी आरोग्यमित्राला सांगावे, त्याने दाद दिली नाही, तर तिथूनच फोन लावावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. डिस्चार्जच्या गडबडीत पुढे केलेल्या कागदांवर सही करण्यापूर्वी त्यांवर लिहिलेला आजार, झालेली शस्त्रक्रिया आणि दाखल असल्याचे दिवस मोठ्याने वाचून घ्यावेत. वाचता येत नसेल, तर वॉर्डातील शिकलेल्या कोणाकडून वाचून घ्यावेत आणि प्रत घरी आणावी.