मानमोडी यायच्या आधी खुराड्याची तयारी

शिमगा झाला की आमच्या खटाव भागात ऊन चढायला लागतं, पाठोपाठ गावोगावच्या यात्रा लागतात, पाहुणे येतात, बाजारातून कोंबड्या आणल्या जातात, एकमेकांच्या घरी पोचवल्या जातात, आणि नेमकं ह्याच दिवसांत कुठल्यातरी आळीतून बातमी येते की कोंबड्यांना मर लागली. तुमच्या दारात दहा असोत नाहीतर पन्नास, खाली सांगते ती तयारी मर लागायच्या आधीच करायची आहे, कारण राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, एकदा खुराड्यात शिरली की तिच्यावर औषध नाही. व्हायरस आहे तो. जे काही करता येतं ते आधीच.

मी एवढं कळकळीने लिहितेय कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या सत्तावीस कोंबड्यांपैकी तीन राहिल्या. यात्रेच्या पाहुण्यांसाठी बाजारातून दोन तलंगा आणल्या होत्या, एक कापली, दुसरी काळी कुळकुळीत, अंड्यावर यायच्या बेतातली, म्हणून ठेवली आणि त्याच रात्री बाकीच्यांबरोबर खुराड्यात कोंडली. पाचव्या दिवशी ती पिसं फुगवून, डोळे मिटून भिंतीकडेला उभी. मग हिरवट पांढरी हगवण, चोचीतून लाळेची तार, घशात घरघर, पंख लोंबलेले, आणि आठवड्याच्या आत रोज सकाळी खुराडं उघडायला हात धजेना. वाचलेल्या तिघींपैकी एकीची मान कायमची वाकडी झाली, दाणा टिपायला जायची आणि चोच बाजूच्या मातीत पडायची, मी तिला हातावर दाणे धरून भरवायचे.

वाईट ह्याचं वाटतं की आम्ही लस दिलेली होती. पण ती लस दुकानातून साध्या पिशवीत, बर्फाशिवाय मिळाली, मी ती भर उन्हात एसटीने तासभर घेऊन आले आणि नळाच्या पाण्यात कालवून ठेवली. ग्रामपंचायतीने त्याच सकाळी टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, टाकलेलं. लासोटा, म्हणजे मानमोडीवरची ही लस, हिच्यात जिवंत पण सौम्य व्हायरस असतो, तो उन्हाने मरतो आणि टीसीएलनेही मरतो, म्हणजे आम्ही कोंबड्यांना नुसतं पाणी पाजलं होतं. म्हणून तयारीत पहिला नंबर लसीचा, आणि त्यातही ती थंड कशी राहील ह्याचा.

तर रुंद तोंडाचा थर्मास नाहीतर लहान आईसबॉक्स आधी घरात पाहिजे. आदल्या रात्री फ्रीजरमध्ये बर्फ लावून ठेवा, लाईटचा भरवसा नसेल तर दोन दिवस आधीपासून. दुकानात गेल्यावर विचारायला लाजू नका, बाटली फ्रीजमधून काढताना आपल्या डोळ्यांनी बघा, एक्स्पायरी बघा, लस २ ते ८ अंश सेल्सिअसला राहिली पाहिजे एवढं लक्षात ठेवा आणि सोबत मिळणारं कालवायचं पाणीही गारच ठेवा. पुण्याला औंधमध्ये सरकारची लस तयार करणारी संस्था आहे, त्यामुळे आपल्या गुरांच्या दवाखान्यात लस कधी येणार हे आधी फोन करून विचारा, बऱ्याचदा तिथे स्वस्तात काम होतं.

आता अडचण अशी की लसीची लहानात लहान बाटली शंभर डोसची, आणि आपल्या कोंबड्या पंधरा. फोडलेली लस तासा-दोन तासात संपवावी लागते, उद्यासाठी ठेवता येत नाही, मग बाया म्हणतात एवढ्यासाठी कोण बाटली फोडतंय, आणि सगळी आळी बिनलसीची राहते. ह्यावर आम्ही जे केलं ते तुम्हीही करा. आळीतल्या सात घरांच्या कोंबड्या मोजल्या, नव्वदच्या वर भरल्या, वर्गणी काढली, घरटी थोडेच पैसे आले. एक रविवार ठरवला, आदल्या संध्याकाळी ज्याच्या त्याने कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या, सकाळी सोडायच्या नाहीत, आणि सहा वाजता आम्ही दोघी जणी थर्मास घेऊन घरोघर. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्या कोंबडी धरायच्या आणि मी डोळ्यात एक थेंब सोडायचे. थेंब पडला की लगेच सोडायची नाही, तिने डोळा मिचकावून थेंब आत घेईपर्यंत धरून ठेवायची, एवढा धीर धरला नाही तर थेंब गालावरून खाली. ऊन वर यायच्या आत सातही घरं झाली. माझ्या मते कोंबड्या थोड्या असतील तर पाण्यातनं देण्यापेक्षा हेच बरं, कारण कुणाला मिळाली आणि कुणाला नाही ह्याचा प्रश्नच राहत नाही.

पाण्यातनंच द्यायची असेल तर विहिरीचं नाहीतर उकळून गार केलेलं पाणी, टीसीएल नसलेलं, त्यात लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, भांडं प्लास्टिकचं आणि साबणाचा अंश न राहिलेलं, लोखंडी घमेलं अजिबात नको. आधी तासभर पाणी तोडायचं, उन्हाळ्यात त्याहून जास्त नको, आणि सावलीत ठेवायचं. कमजोर कोंबडा सगळ्यात शेवटी प्यायला येतो, त्याच्यासाठी दुसरं भांडं लांब ठेवा.

पिल्लांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या, साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा पहिला थेंब, दोन आठवड्यांच्या आसपास गंबोरो ह्या पिल्लांच्या दुसऱ्या रोगाची लस, महिन्याच्या सुमाराला लासोटा परत, आणि आठ-दहा आठवड्यांची झाली की आर टू बी चं, म्हणजे मानमोडीच्याच जास्त जोरदार लसीचं इंजेक्शन, ते मात्र डॉक्टरांच्या हातूनच. एकदा देऊन भागत नाही ह्याचं कारण असं की लस घेतलेल्या कोंबडीच्या पिल्लात आईकडून आलेली ताकद पहिले काही दिवस असते आणि तीच लसीला नीट काम करू देत नाही. मोठ्या कोंबड्यांना परत कधी द्यायची तेही विचारून कॅलेंडरवर गोल करून ठेवा. लसीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या, आणि आधीच सुस्त असलेल्या कोंबडीला लस देऊ नका.

दुसरी तयारी म्हणजे वेगळी जागा. खुराड्यापासून लांब, शक्यतो घराच्या पलीकडच्या अंगाला, एक डालगं, एक पाण्याचं भांडं, एक दाण्याची थाळी, हे सामान कायम वेगळं. बाजारातली, पाहुण्यांनी दिलेली, ऊसतोडीवरून परत आलेल्या घरातली, मामाच्या गावावरून प्रेमाने आणलेली, कुठलीही नवी कोंबडी तीन आठवडे तिथेच राहील. तीन आठवडे जास्त वाटतात पण रोग अंगात मुरायला दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत कितीही वेळ लागतो, म्हणजे आज टवटवीत दिसणारी परवा पडू शकते. दाणापाणी करताना आधी आपल्या जुन्या निरोगी कोंबड्या आणि शेवटी ती नवी, उलटं कधीच नाही. आत्यांना हे पटायला वेळ लागला, त्या म्हणायच्या, "अगं, आमच्या काळात कोण असं वेगळं ठेवत होतं?" मी त्यांना म्हटलं, "आत्या, तुमच्या काळातच तर तुम्ही सांगता ना की दर दोन-तीन वर्षांनी एका झटक्यात खुराडं रिकामं व्हायचं." मग त्याच स्वतः डालगं उचलून गोठ्याच्या मागे ठेवून आल्या.

तिसरं, पायताण. खुराड्यापाशी एक जुनी चप्पल ठेवून द्या, तीच घालून आत जायचं आणि ती बाहेर घालायची नाही. हा रोग विष्ठेत, लाळेत असतो, माणसाच्या पायाला, गाडीच्या टायरला, अंड्याच्या ट्रेला, दाण्याच्या पोत्याला चिकटून येतो, गार आणि ओलसर जागेत बरेच दिवस टिकतो. तुमच्या घरातलं कुणी विटा-तासगावकडच्या पोल्ट्री शेडवर कामाला असेल तर त्यांनी घरी आल्यावर आंघोळ करून, कपडे बदलूनच आपल्या कोंबड्यांकडे जावं, आणि तिकडचा अंड्याचा ट्रे घरी आणू नये. ह्या व्हायरसला वरून चरबीचं कवच असतं आणि साध्या साबणाने ते फुटतं, त्यामुळे महागडं काही नसलं तरी हात धुवायला साबणाची वडी आणि बादली खुराड्याजवळ कायम असू द्या. चुना, टीसीएल हेही आणून ठेवा पण घाणीवर नुसतं फवारून काही होत नाही, आधी विष्ठा खरवडून काढायची, धुवायचं, मग मारायचं.

चौथी गोष्ट कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त तीच नडते, ती म्हणजे खड्डा. आमच्याकडे मे महिन्यात मुरमात कमरेएवढा खड्डा घ्यायचा म्हणजे दोन माणसं आणि पहार, आणि घरात मेलेल्या कोंबड्यांची रास पडलेली असताना ते होत नाही, मग लोक ओढ्यात टाकतात, कॅनॉलला सोडतात, उकिरड्यावर फेकतात, कुत्री ओढून गावभर करतात आणि खालच्या वस्तीलाही मर लागते. जमीन ओली आहे तेव्हाच विहिरीपासून लांब खड्डा घेऊन वर फळी आणि दगड ठेवा, शेजारी चुन्याची पिशवी. मेलेली कोंबडी हातात पिशवी घालून उचलायची, खड्ड्यात टाकायची, वर चुना, वर माती. माझ्याकडून ह्यात चूक झाली होती, पहिल्या दोन मी ओढ्याच्या कडेला टाकल्या होत्या आणि ते आजही मनाला लागतं.

फोन नंबर खुराड्याच्या दारावर खडूने लिहा, आपल्या दवाखान्याचा आणि जनावरांसाठीचा टोल फ्री १९६२. ताजी मेलेली कोंबडी डॉक्टर तपासायला पुढे पाठवू शकतात, म्हणून पहिली मेली की पुरायच्या आधी फोन करा. मान वाकडी, हगवण, घरघर हे बघून आपण मानमोडी म्हणतो, पण बर्ड फ्लूतही बरंच असंच दिसतं आणि लॅबशिवाय फरक कळत नाही. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीकडे तो सापडला होता हे आपल्याला माहीत आहेच. एकाच दिवशी भराभर मरायला लागल्या, कावळेही मेलेले दिसले, तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, लगेच कळवा. तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या असतील तर ती देवी, तिची लस वेगळी.

आणि मर लागलीच तर घाबरून दोन गोष्टी हातून होतात, त्या आजच ठरवून टाका की करायच्या नाहीत. एक, मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकणं. व्हायरसवर ते चालत नाही, वरून दुसरं इन्फेक्शन झालं असेल आणि डॉक्टर म्हणाले तरच द्यायचं, नाहीतर गूळपाणी, सावली आणि शांतता एवढंच आपल्या हातात. दुसरी, मरायच्या आधी चार पैसे येतील म्हणून सुस्त कोंबड्या बाजारात नेणं किंवा कापून वाटणं. आमच्याकडे आलेली काळी तलंग कुणीतरी अशीच बाजारात आणली असणार. त्या माणसाला मी दोष देत नाही, गरज असते, पण आळीने आधीच एकमेकांना शब्द दिला तर अशा वेळी धीर राहतो. आम्ही वर्गणीच्या दिवशीच तो शब्द घेतला, कुणाच्याही घरी पहिली कोंबडी सुस्त दिसली की लपवायचं नाही, ग्रुपवर टाकायचं, आणि त्या दिवसापासून सगळ्यांनी कोंबड्या कोंडून ठेवायच्या.

खुराडं रिकामं झालं तर लगेच नवी पिल्लं आणू नका. खालचं भूस, गवत जाळायचं, लाकूडकाम धुवून उन्हात टाकायचं, चुन्याची सफेदी मारायची, महिनाभर तसंच मोकळं ऊन खाऊ द्यायचं. वाचलेल्या कोंबड्या काही दिवस रोग बाहेर टाकत असतात म्हणून नव्या पिल्लांजवळ त्यांना फिरकू देऊ नका. आम्ही दोन महिने थांबलो.

सध्या आमच्याकडे एकोणीस आहेत, शिवाय एक खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसवलीय, येत्या बुधवारी एकविसावा दिवस. पिल्लं निघाली की त्यापुढच्या मंगळवारी सहावा दिवस भरतो, थेंबासाठी तोच दिवस धरलाय, त्याच दिवशी शेजारच्या वहिनींचीही आठ पिल्लं आणि वरच्या घरच्या काकूंची अकरा, थर्मास काकूंचा, बर्फ आमच्या फ्रीजचा.