मृगाआधी पुढच्या चाकांना टेप लावा

रोहिण्या सरत आल्या. वळवाच्या दोन सरी पडून गेल्या, आणि शिवारातले कित्येक ट्रॅक्टर अजून ऊस वाहतुकीवरून आले तसेच चिंचेखाली उभे आहेत. हंगामभर दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या, कारखान्याच्या गव्हाणीपुढं रात्र रात्र काढली, आणि आता त्याच चाकांवर पेरणी होणार. बियाणं कुठलं घ्यावं, खत कधी टाकावं असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच विचारतो: पुढच्या चाकांना टेप लावली का? म्हणजे दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं का? निम्मे लोक हसतात. "काय व्हायलंय त्याला, चालतंय की!"

चालतंय, हे खरं. पेरणी मात्र वाकडी होते.

आमच्या शेजारच्या सहा एकराची गोष्ट सांगतो. सोयाबीन बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरी पाडणाऱ्या पेरणी यंत्रावर, एका दिवसात पेरलं, वापसा (पेरणीजोगी ओल) उत्तम, बियाणं घरचं तपासलेलं. आठव्या दिवशी बघतो तर प्रत्येक पट्ट्याची डावीकडची ओळ विरळ. मालक बियाण्याला शिव्या घालत होता. मी टेप आणि हवेचा गेज घेऊन गेलो. मागच्या डाव्या टायरात ७ पीएसआय, उजव्यात १३. डावी बाजू बसली, पेरणी यंत्र तिकडं कललं. मागची दोन चाकं एकमेकांपासून १३० सेंटीमीटरवर असतील आणि एक चाक २ सेंटीमीटरनं खाली बसलं, तर १८० सेंटीमीटर रुंदीच्या यंत्राच्या दोन टोकांत पावणेतीन सेंटीमीटरचा फरक पडतो. सोयाबीन ३ ते ५ सेंटीमीटरवर पडायला पाहिजे. डावीकडचं त्याच्याही खाली गेलं, वरून पावसाची सर आली, काळी माती आवळली आणि कोंब आतच वाकडे झाले.

पुढच्या चाकांचं दुखणं आणखी वेगळं. चाकं पुढून फाकलेली, टायरॉडचे (पुढची चाकं स्टेअरिंगला जोडणाऱ्या दांड्याचे) एंड ढिले. त्यामुळं ट्रॅक्टर सरळ धरेना, ओळी नागमोडी. महिन्यानं कोळपं फिरलं तेव्हा पासेनं तण कापलं आणि सोयाबीनही कापलं. दुबार पेरणीला पाऊस थांबत नाही, आणि विम्याच्या कुठल्याच कागदात टायरॉडचं नाव नसतं.

टेप लावायची कशी

खळ्याची फरशी किंवा मंदिरापुढचा सिमेंटचा रस्ता, सपाट जागा हवी. दोन्ही चाकांत हवा सारखी करून घ्या. मग आधी ढिलेपणा बघा, कारण ढिल्या चाकांना घेतलेलं माप संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मागच्या चाकांना दगडाची उटी लावा, पुढचा एक्सल जॅकवर घ्या, जॅकखाली जाड फळी. चाक वर-खाली धरून हलवा: खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिनचा (चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिचा) बुश. डावी-उजवीकडं हलवा: खडखडलं तर बहुतेक टायरॉडचा एंड. जे गेलंय ते आधी बदला.

आता ट्रॅक्टर खाली घ्या, स्टेअरिंग सरळ करा, दहा-बारा फूट पुढं लोटून थांबवा. दोन्ही टायरांच्या पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मधल्या रेषेवर खडूची खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग ट्रॅक्टर तसाच पुढं लोटा. त्याच खुणा मागच्या बाजूला हबच्या उंचीवर आल्या की पुन्हा मोजा. माप पुढं कमी आणि मागं किंचित जास्त यायला पाहिजे. बहुतेक टू-व्हील (फक्त मागच्या चाकांना ताकद असलेल्या) ट्रॅक्टरला हा फरक साधारण ३ ते ६ मिलिमीटरचा असतो, पण तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच धरा. पुस्तक हरवलं असेल तर त्याच मॉडेलवाल्या शेजाऱ्याकडून बघून घ्या.

फरक जास्त असेल किंवा उलटा, म्हणजे पुढं जास्त असेल, तर टायरॉडचे लॉकनट ढिले करून टायरॉड फिरवा. स्टेअरिंगचा आर्म मधोमध असेल आणि दोन टायरॉड असतील तर दोन्ही सारखेच फिरवायचे, नाहीतर चाकं सरळ होतील आणि स्टेअरिंग तिरकं राहील. नट आवळून पुन्हा मोजा. दोन माणसांचं तासाभराचं काम. टेप घरात आहेच.

एक चूक मी फार बघितली. कोळपणीसाठी पुढच्या एक्सलची रुंदी वाढवतात, एका बाजूला एक भोक, दुसऱ्या बाजूला दोन. टायरॉड तसाच राहतो. एक्सल जितका वाढवाल तितकाच टायरॉड वाढवायचा, दोन्ही बाजूंना सारखा. त्यानंतर पुन्हा टेप.

एवढ्याशा मिलिमीटरनं काय होतं असं वाटेल, म्हणून हिशोब सांगतो. पुढचा ६.००-१६ टायर साधारण ७३ सेंटीमीटर व्यासाचा. पुढच्या-मागच्या मापात चुकीचा १० मिलिमीटर फरक असला की प्रत्येक चाक किलोमीटरमागे जवळपास ७ मीटर आडवं घासत जातं. कारखान्याच्या ४० किलोमीटरच्या फेरीत २८० मीटर. टायर कंपनीचा असो की मोंढ्यातला स्वस्तातला, डांबरावर असा ओढला तर काय उरणार?

टायर काय सांगतो

टायरवर तळहात आडवा फिरवा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर ओढताना कडा टोचल्या, तर चाकं पुढून गरजेपेक्षा जास्त आत आलीत. उलट लागलं तर फाकलीत. दोन्ही काठ गेले आणि मधला भाग शाबूत, तर हवा कमी. मधला भाग गेला तर हवा जास्त. एकाच टायरचा एकच काठ गेला तर किंगपिनचा बुश झिजलाय किंवा एक्सल वाकलाय. जागोजागी खळगे पडलेत, तर बेअरिंग ढिलं. मागचा उजवाच टायर जास्त झिजला असेल तर ते नांगरटीचं, कारण पलटी नसलेल्या साध्या नांगराला उजवं चाक तासात, म्हणजे नांगरलेल्या सरीत चालतं. त्याला मिस्त्री काही करू शकत नाही.

हे पुस्तकातलं. आता माझा स्वतःचा अंदाज, कुठं लिहिलेला नाही. पहिल्या सरीनंतर बांधाकडेच्या ओल्या मातीवर ट्रॅक्टर रिकामा, सावकाश, सरळ चालवा आणि उतरून पुढच्या चाकाचा माग बघा. रेषा कापल्यासारख्या स्वच्छ उमटल्या तर बरं आहे. बोटानं फरफटल्यासारख्या उमटल्या तर टेप काढाच. मला तरी या मागानं फारसं फसवलेलं नाही.

हवा

शेतात मागच्या टायरांना १२ ते १४ पीएसआय, ट्रॉलीला जोडून रस्त्यावर १८ ते २०. टू-व्हीलच्या पुढच्या टायरांना साधारण २८ ते ३२. टायरच्या अंगावर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नाही. सकाळी टायर थंड असताना बघा. डाव्या-उजव्या टायरात फरक नको. आकडा एक-दोननं इकडंतिकडं झाला तर चालेल, फरक चालणार नाही. ट्यूबमध्ये पाणी भरलं असेल तर वॉल्व्ह वर घेऊन हवा तपासा. पाणी वॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे पाऊण टायर, त्याहून जास्त नाही.

लाथ मारून हवा कळते म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

दुकानात काय ऐकाल

"मालक, टायर गेलेत, नवी जोडी टाका." टाकाल, आणि तीन महिन्यांत तीही एका काठानं जाईल, कारण चाकं तशीच आहेत. नवा टायर घ्यायचा झाला तर टेप लावून माप बरोबर आल्यावरच घ्या.

नायट्रोजन भरा म्हणतील. आपण रोज भरतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शेतीच्या ट्रॅक्टरला त्यासाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. ट्यूबमध्ये घालायचं चिकट द्रव्य विकतील: बाभळीच्या काट्यापुरतं ठीक, वाकड्या चाकाला त्याचा काय उपयोग? तालुक्याच्या कॉम्प्युटर अलाइनमेंटवर बहुतेक ठिकाणी जीप-कारच बसते. ट्रॅक्टर घेऊन जाल तर आधी विचारून जा.

पुढचे रेघाळ टायर डावी-उजवीकडं अदलाबदल करायला हरकत नाही, उरलेला काठ कामाला येतो. पण माप दुरुस्त न करता बदलले तर दोन्ही काठ जातील. मागचे टायर बाणाच्या दिशेनंच बसवायचे.

फोर-व्हीलवाल्यांसाठी

डांबरी रस्त्याला लागलात की फोर-व्हीलचा लिव्हर काढा. पुढची चाकं मुद्दाम थोडी जास्त वेगानं फिरतील अशीच रचना असते. मऊ रानात तो फरक माती सोसते, रस्त्यावर तो टायरालाच सोसावा लागतो. आणि पुढं-मागं मनाला येईल त्या साइजचे टायर घालू नका, हे गणित बिघडतं आणि गिअरबॉक्सवर ताण येतो.

ट्रॉली

ट्रॉलीचा टायर एका काठानं जात असेल तर हुकापासून दोन्ही बाजूंच्या हबपर्यंत दोरी लावून बघा. दोन्ही दोऱ्या सारख्या भरल्या नाहीत तर एक्सल सरकलाय, पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) मधला बोल्ट तुटलेला असेल. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पाणंद रस्ते खचले, तेव्हापासून असे एक्सल जास्त दिसायलेत.

बाकीची कामं, नुसती यादी

- किंगपिन, सेंटर पिन, टायरॉड: ग्रीस. चिखलात काम केलं त्या दिवशी संध्याकाळीच.
- चाकांचे नट पान्यानं आवळणे.
- रिम वाकली असेल तर सरळ करणे किंवा बदलणे.
- मागच्या दोन्ही चाकांचं मधल्या खुणेपासून अंतर सारखं करणे.
- पेरणी यंत्र जोडल्यावर दोन्ही लिफ्ट आर्म सपाट जागेवर एका उंचीला आणणे.
- सोयाबीन: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही. उगवण ७० टक्के तरी हवी. दोन ओळींत अंतर ४५ सेंटीमीटर.
- बीजप्रक्रिया: कार्बोक्झिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के, किलोला ३ ग्रॅम. रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं त्यानंतर, पेरणीच्या थोडं आधी.

काळ्या रानात वापसा दोन-तीन दिवसांचा असतो, आभाळ भरलं तर त्याहून कमी. त्या दिवशी टायरॉड एंड तुटला तर गावात कुणाचाच मिस्त्री मोकळा नसतो, तालुक्यात सुट्या भागाची रांग लागते, आणि भाड्याचा ट्रॅक्टर आधी स्वतःचं रान पेरतो. म्हणून या आठवड्यातच एक सकाळ काढा. माप आलं की आकडा तारखेसह मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा. पेरणी उरकली, साधारण पन्नास तास काम झालं, की तोच आकडा पुन्हा ताडून बघा. नवीन बुश तोवर बसलेले असतात आणि माप दोन-तीन मिलिमीटरनं हललेलं सापडतं.