सुनावणीला जाण्याआधी या चुका टाळा

“भूखंड क्रमांक?” सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फाइलमधून मान वर न काढता विचारलं.

आम्ही अठरा जण आत होतो, जिन्यात आणखी तीसेक. नवी मुंबईतल्या आमच्या नोडमधल्या, म्हणजे उपनगरातल्या, एका खेळाच्या मैदानाचं आरक्षण बदलायचा, म्हणजे ती जागा दुसऱ्या कामाला द्यायचा, प्रस्ताव होता आणि आम्ही चारशेवर हरकती दिल्या होत्या. पण भूखंड क्रमांक कुणालाच सांगता येईना. सेक्टर सांगितला, “शाळेच्या मागचं मैदान” असंही सांगून झालं. “शाळेच्या मागे तीन भूखंड आहेत,” साहेब म्हणाले आणि पुढच्या अर्जदाराला हाक गेली. सगळा मामला चार मिनिटांत आटोपला.

त्या चारशे हरकतींचं काय झालं ते नंतर कळलं. मजकूर एकाच झेरॉक्सचा, बदललेले फक्त फ्लॅट नंबर आणि सह्या. सुनावणीच्या अहवालात त्यांची नोंद एका ओळीत झाली: “एकाच आशयाच्या हरकती”. उत्तरही एकच. राग आला, पण खरं सांगायचं तर त्या कारकुनाच्या जागी मीही तेच केलं असतं.

म्हणून ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: सह्यांची संख्या म्हणजे ताकद असं समजणं. मोर्चात ते खरं असेल, नगररचनेच्या टेबलावर नाही. तिथे दहाच हरकती द्या, पण दहा वेगळ्या. एकीत मैदानावर रोज येणाऱ्या मुलांचा मुद्दा, दुसरीत पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं त्याचे तारखेसह फोटो, तिसरीत शेजारच्या सेक्टरमधलं मैदान किती लांब आहे याचा हिशेब. प्रत्येकीवर भूखंड क्रमांक, सेक्टर, नोटिशीचा क्रमांक आणि तारीख हवी. शेवटी “प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी” हे वाक्य विसरू नका. नुसती हरकत नोंदवून थांबू नका, पर्याय सुचवा. नोटिशीच्या जाहिरातीत ‘हरकती व सूचना’ असे दोन्ही शब्द असतात आणि आपण दुसरा वाचतच नाही.

जेसीबी आल्यावर जाग येणं

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यातल्या कलम २६ प्रमाणे प्रारूप विकास आराखडा (कुठल्या जागेवर काय होणार ते ठरवणारा शहराचा कच्चा आराखडा) प्रसिद्ध झाला की हरकतींना ३० दिवस मिळतात. मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल करायचा असेल तर नोटिशीपासून एक महिना. झाडं तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे जेमतेम सात दिवस, आणि ती नोटीस झाडावरच चिकटवतात. ठाण्यात घोडबंदर रोडच्या कडेला असे कागद कितीदा दिसतात! आपण ते भाड्याच्या घराची जाहिरात समजून पुढे जातो. तो कागद वाचायचा, फोटो काढायचा आणि त्याच दिवशी वृक्ष प्राधिकरणाला पत्र द्यायचं. तारीख उलटल्यावर दिलेलं पत्र कितीही कळकळीचं असलं तरी ते फार तर ‘निवेदन’, हरकत नव्हे.

चुकीचं दार

नवी मुंबईत हा गोंधळ जन्मजात आहे. शहर वसवणारी सिडको १९७० ची, महापालिका १९९२ ची. जमीन एकाची, रस्ता दुसऱ्याचा, औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा, सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. ठाण्यात येऊरचा विषय असेल तर वनखातं आलंच. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांना बंधनकारक आहे. हरकतीच्या बाबतीत अशा भरवशावर राहू नका. हरकती कुणाकडे द्यायच्या ते जाहिरातीच्या शेवटच्या परिच्छेदात बारीक अक्षरात छापलेलं असतं. तिथेच, आवक-जावक विभागात नेऊन द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. “ठेवून जा, देतो साहेबांना” हे ऐकलं की समजायचं, कागद गेला.

अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या लोकशाही दिनाबद्दलही असाच गैरसमज आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पन्नास जणांच्या सह्यांचं पत्र घेऊन लोक पोचतात आणि परत पाठवले की चिडतात. तिथे तक्रार वैयक्तिक लागते आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

“नगरसेवकांना सांगितलंय” एवढ्यावर निर्धास्त राहणारेही पुष्कळ. नगरसेवकांची मुदत संपून नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार सुरू झाला, तेव्हा अशांना विभाग कार्यालय कुठल्या मजल्यावर आहे तेही ठाऊक नव्हतं.

समोरच्याला शत्रू ठरवणं

ही चूक मी स्वतः जोरात केली आहे. आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर पदपथावर भाजीवाल्या आणि मासळीवाल्या बसतात. आम्ही तक्रार केली की अतिक्रमणाची गाडी यायची, पाट्या उचलल्या जायच्या आणि तिसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. दोन वर्षं हेच. शेवटी एका रविवारी सोसायटीच्या ऑफिसात त्यांच्यातल्या चौघींना बोलावलं. मी पदपथाचे नियम वाचून दाखवायला लागलो, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “दादा, संध्याकाली कोथिंबिरीची जुडी न्यायला तुमच्याच घरची माणसा येतान ना?”

ऑफिसात हशा पिकला. माझी बायको सर्वांत मोठ्याने हसली.

मग आम्ही टेप घेऊन खाली गेलो. भांडण सगळ्या पदपथाचं नव्हतंच. अडचण होती ती व्हीलचेअरच्या उतारापाशी आणि फाटकातून गाडी वळते तिथल्या सात-आठ फुटांत. खडूने रेघ मारली. मासळीचं पाणी गटाराच्या जाळीपाशीच ओतायचं ठरलं आणि सोसायटीने त्यांना बाहेरचा नळ दिला. रेघ पुढे दोनदा मोडली, दोनदा पुन्हा मारली. पण गाडी बोलवावी लागलेली नाही.

अशा वादाला कायद्यातही जागा आहे. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावे लागतात, आणि रहिवासी संघटनांनाही तिथे स्थान आहे. आपण मात्र दोघेही अतिक्रमण विभागाच्या दारात, एकमेकांकडे पाठ करून उभे असतो.

सुनावणी झाली की घरी जाऊन झोपणं

आराखड्यावरच्या हरकती नियोजन समिती ऐकते, तिचा अहवाल महापालिकेकडे जातो आणि अंतिम मंजुरी राज्य सरकारची असते. आपली हरकत अहवालात कशी मांडली आहे ते पाहायचं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो: एकच विषय, १५० शब्दांच्या आत. “या प्रकरणाची सर्व माहिती द्या” असं लिहू नका. आवक क्रमांक लिहा आणि त्यावरच्या अभिप्रायाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

आमची ती एका ओळीची नोंद अशीच हाती आली. त्यावर आम्ही नऊ वेगळी पत्रं थेट मंत्रालयात नगरविकास विभागाला दिली, या वेळी भूखंड क्रमांकासकट. फाइल तिथेच आहे. मैदानावर सध्या दोन टीम खेळतात आणि स्टंप म्हणून प्लास्टिकची खुर्ची लावतात, ती आमच्याच सोसायटीच्या ऑफिसातली.